बारा तक्ते आणि एक वही

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊ,

वर्षभर पत्र नाही म्हणून तुम्ही माझ्यावर रागावला असाल, आणि तेही संस्कृतात, हे धरून चालते. काम निघालं म्हणून लिहितेय, हेही आधीच कबूल करून टाकते.

तुमच्या किनाऱ्यावरच्या शेवंडांची (आमच्या फायलीत लॉबस्टर) पाहणी आमच्या खात्यानं माझ्याकडे दिली आहे. समुद्रात किती उरलीत, किती धरली तर पुढच्या वर्षी पुन्हा तेवढी मिळतील आणि कुठे काही वर्षं सापळा टाकायचाच नाही, हे जुलैअखेर सांगायचं आहे. पाण्याखाली जाऊन शेवंडं मोजता येत नाहीत. ज्यांनी धरली त्यांच्या नोंदींवरून अंदाज बांधावा लागतो. तुमच्या सहकारी संस्थेच्या बारा होड्यांना आम्ही तीन वर्षांपूर्वी छापील तक्ते दिले होते. रोज किती सापळे उचलले, प्रत्येक शेवंडाची पाठ किती मिलिमीटर, नर की मादी, पोटाखाली अंडी होती का. संस्थेचे चिटणीस या नात्यानं ते भरलेले तक्ते तुम्ही गोळा करून पाठवायचे.

आता ज्यासाठी खरं हे पत्र. दादांची वही. मी तुमच्याकडे राहायला होते तेव्हा समुद्रावरून आले की हातही न पुसता ते पायरीवर बसून ती लिहायचे. पानांना खारट वास यायचा. अजून लिहितात का? इतक्या वर्षांची रोजची नोंद या धंद्यात कुणाकडेच नसते. ती मिळाली तर माझं निम्मं काम होईल. दादांचं यात काहीही नुकसान होणार नाही, हा माझा शब्द.

तुमची धाकटी


११ फेब्रुवारी

चि. मोजणीबाई,

आशीर्वाद पुष्कळ आहेत. त्यातले दोन-चार तुझ्या खात्यालाही दे, कारण समुद्राच्या तळाशी काय आहे हे शोधायला त्यांनी समुद्रापासून दोन दिवसांच्या प्रवासावर बसणारी बाई नेमली आहे. परोक्ष ज्ञान म्हणतात ते हेच. आम्ही अल्पमती समुद्रकाठी राहतो, म्हणून आम्हाला काही दिसत नाही.

दादा वही लिहितो का, हे विचारणं म्हणजे भरती येते का असं विचारणं झालं. एकतिसावं वर्ष चालू आहे. धक्क्यावर त्याला आता चित्रगुप्त म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात आणि तो ओ देतो. मोठ्या खडकाच्या उत्तरेला तो एकटा साठ सापळे लावतो, दक्षिणेला संस्थेच्या बारा होड्या. संस्थेत तो कधी गेला नाही, कारण त्याची ती रीत. तुला आठवत असेल: अंडीवाली मादी सापळ्यात आली की तिच्या शेपटीच्या पंख्यात चाकूनं त्रिकोणी खाच पाडायची आणि तिला पाण्यात सोडायची. पुढे कधी ती अंड्यांशिवाय सापडली तरी खाच बघून पुन्हा सोडायची. कात टाकता टाकता खाच बुजली की नवी कोरायची. एके काळी ही सगळ्यांची रीत होती. आता दादा एकटाच पाळतो, म्हणून लोक तिला खोड म्हणतात.

वही मागितली तेव्हाचा संवाद जसाच्या तसा देतो.

"ती वही मागतेय."

"कशाला?"

"शेवंडं मोजायला."

"मी मोजलीत की."

"तिला पुन्हा मोजायची आहेत."

"मग म्हणावं ये, साठ सापळे आहेत. वीस तू उचल."

मी म्हटलं, अरे चित्रगुप्ता, वही कधी ना कधी वर पाठवावीच लागते. यावर तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी मेणकापडात बांधून वही माझ्या टेबलावर ठेवली. खरं तर चार वह्या एकत्र शिवलेल्या आहेत. म्हणाला, "परत पाहिजे." मी म्हटलं, ती आपल्याच घरात वाढलेली काकांची पोर आहे, परत देईल. "म्हणूनच देतोय," म्हणाला.

तुला माहीत नसेल, नववीपर्यंत संस्कृतात तो माझ्या पुढे होता. घराला आम्हा दोघा भावांपैकी एकालाच शिकवणं झेपणार होतं आणि होडीत बसलं की उलट्या व्हायच्या त्या मला. अशा रीतीनं मी पंडित झालो, म्हणजे शाळेत संस्कृताचा मास्तर.

तक्त्यांचं म्हणशील तर संस्थेचे सभासद भलतेच तत्पर आहेत. नुसते गोळा करून, झटकून, ओळीनं लावायचे तेवढे बाकी. महिना दीड महिना दे.

तुझा भाऊ


२० फेब्रुवारी

प्रिय भाऊ,

वही पोचली. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. दादांनी एकही दिवस गाळलेला नाही. वादळामुळे गेले नाहीत तर "गेलो नाही" असं लिहिलं आहे. पहिल्या वर्षी दहा सापळ्यांमागे चौदा शेवंडं होती. गेल्या वर्षी चार. अंडीवाल्या माद्या आधी रोज, आता आठवड्यातून एखादी. इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं.

म्हणून तक्ते लवकर हवेत. उत्तर आणि दक्षिण हे कागदावरचे पट्टे आहेत. पिल्लं प्रवाहाबरोबर फिरतात, खडकाला वळसा घालताना ती कुणाची परवानगी विचारत नाहीत. दक्षिणेचे आकडेही असेच असले तर अख्खं पाणी तीन वर्षं बंद करता येईल. तशी सरसकट बंदी झाली की तेराही होड्यांना सरकारकडून निर्वाहभत्ता मिळतो आणि तीन वर्षांनी शेवंडं परत येतात. दुसऱ्या किनाऱ्यांवर आली आहेत. एकट्यादुकट्या पट्ट्याच्या बंदीला भत्ता नसतो.

आणखी एक, सभासदांच्या कानावर घाला. तक्ता खोटा निघाला तर ज्याची सही त्याचा परवाना कायमचा रद्द.

तुमची धाकटी


२३ मार्च

चि. मोजणीबाई,

सोबत बारा तक्ते, प्रत्येकी छत्तीस पानांचे. पेटी उचलताना टपालवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी त्याची जाहीर क्षमा मागितली.

अक्षर सुवाच्य दिसलं तर दचकू नकोस. काहींनी बायकोकडून, काहींनी मुलीकडून लिहून घेतलं आहे. एक सभासद डावखुरा आहे, त्याच्या ओळी कललेल्या दिसतील. आमचे जावईबापू, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, यांनी जातीनं लक्ष घालून सगळ्यांच्या सह्या एका दुपारी घेतल्या. लेक म्हणते, इतकी धावपळ त्यांनी स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

मी चार रविवार दुपारभर शाळेच्या प्रयोगशाळेत बसून पानं लावत होतो. तिथं टेबलं मोठी, आणि सांगाडा सोडला तर सोबत कुणाची नाही. गेल्या रविवारी दादा जेवायला बोलवायला आला आणि दारातच थांबला. बराच वेळ थांबला असावा.

"गुणगुणतोयस," म्हणाला.

"सवय आहे काम करताना."

"माहीत आहे. जेवण थंड होतंय."

आकड्यांचा सारांश मी मूढानं काढावा असं नाही, पण वरवर चाळता दक्षिणेची प्रकृती ठणठणीत दिसते. दहा सापळ्यांमागे तेरा-चौदा. तुझ्या खात्याला आनंद व्हावा. दादा वही कधी येणार विचारतोय. सध्या कॅलेंडरच्या पानांमागे लिहितो.

तुझा भाऊ


२ जून

भाऊ,

हे पत्र मी घरून लिहितेय, कार्यालयातून नाही. तुम्ही वाचून फाडावं अशी अपेक्षा आहे.

सातव्या होडीच्या तक्त्यात एका दिवसाची पंधरा शेवंडं आहेत. लहान म्हणजे अठ्ठ्याहत्तर मिलिमीटरच्या आसपास, मोठी म्हणजे शंभराच्या पुढची. क्रम असा: सहा लहान, तीन मोठी, एक लहान, दोन मोठी, एक लहान, दोन मोठी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा. सहा लहान, तीन मोठी, एक लहान, दोन मोठी, पुढे तेच. मी पान उलटत होते आणि माझी बोटं आपोआप टेबलावर ठेका धरत होती. शेजारच्या टेबलावरचे विचारायला लागले, कसलं गाणं? मी म्हटलं, मालिनी.

अकरा वर्षांची असताना तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी वृत्तं शिकले. ऱ्हस्वाला एक टिचकी, दीर्घाला हाताची थाप. चुकले की पंधरा वेळा ओळ लिहायची. बारा होड्या, तीन वर्षं, आणि समुद्रातली सगळी शेवंडं मालिनीत चालत सापळ्यात शिरली. शाई तीन रंगांची वापरलीत, डावखुरा माणूस बनवलात, पण चाल बदलायचं सुचलं नाही.

आता नीट ऐका. माझ्या वरिष्ठांना वृत्त येत नाही. त्यांच्या लेखी तुमचे तक्ते निर्दोष आहेत. मी बोंब मारली तर पुरावा मागतील, आणि सरकारी फायलीत मालिनी हा पुरावा होत नाही. तक्ते खरे धरले तर निष्कर्ष एकच निघतो: दक्षिण उत्तम, उत्तर मरणपंथाला. दादांचं पाणी पाच वर्षं बंद, भत्ता नाही, आणि बारा होड्या चालू. सबंध किनाऱ्यावर ज्या एकाच माणसानं खरं लिहिलं, तोच बंद होईल.

तुम्ही दोन ओळी लिहून द्या: तक्ते मी भरले, नोंदी खऱ्या नाहीत. खाली सही. मग मी अख्खं पाणी बंद करून घेईन आणि दादांना भत्ता मिळेल. सह्या करणाऱ्या बाराजणांचे परवाने जातील, हे लपवत नाही.

२५ जूनला फाइल वर जाते.

धाकटी


१५ जून

चि. मोजणीबाई,

शिष्यादिच्छेत्पराजयम्, शिष्याकडून हरावं, असं काहीतरी आम्ही मास्तर लोक स्वतःची समजूत घालायला म्हणतो. ते आज खरं झालं. अभिमान वाटला. मग उठून दार लावून घेतलं. क्रम असा होता, हे तुझ्या नोंदीसाठी.

काय झालं ते सांगतो. मी तक्ते मागितले तर बारापैकी नऊ कोरे निघाले, एकावर मांजर काढलेलं होतं, एक डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घडी घालून ठेवलेला होता आणि एक भिजून लगदा झाला होता. जावईबापू म्हणाले, "मास्तर, तुम्ही नुसते आकडे घाला, सह्यांचं मी बघतो." नुसते आकडे! तू कधी बसून बघ. दहा-बारा झाले की हात पुन्हा पुन्हा त्याच आकड्यांवर जातो. म्हणून चालीचा आधार घेतला. त्यात पाप असं काही डोक्यात नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला रविवारी दुपारी जशी झोप येते, तशी मालिनी आली.

आता दोन ओळींचं. तू म्हणतेस तितक्या त्या लहान नाहीत. त्यांच्या एका टोकाला लेकीचं घर आहे. जावयाचा परवाना कायमचा गेला तर ती माझ्या दारात येईल आणि विचारेल, बाबा, हे तुमच्या अक्षरात का आहे? बाकीचे अकरा विचारणार नाहीत, सरळ येतील.

दादाचा विचार मी केलेला नाही, असं समजू नकोस. तो एकटा जीव. त्याला काय लागतं? दोन वेळचं जेवण आणि एक खाट, ते आमच्याकडे आहेच, तुझी वहिनी कधी कमी पडू देत नाही. शिवाय अठ्ठावन्न वर्षांचा झाला, साठ सापळे ओढून खांदा गेलाय. एका अर्थी विश्रांतीच.

एक सुचवतो, रागावू नकोस. वही टपालात गहाळ झाली असती तर? पुस्तकं होतात गहाळ. वही नाही, तर उत्तरेचा निष्कर्षही नाही. सगळेच चालू राहतील आणि कुणाचंच वाईट होणार नाही.

पाऊस आला तर कळवतो. गुडघा बरा आहे.

तुझा भाऊ


१८ जून

भाऊ,

वहीवर आवक-शिक्का बसला आहे. पानांना क्रमांक पडले आहेत. ती गहाळ होणार नाही.

"त्याला काय लागतं" हे मी दोनदा वाचलं. बाबा गेल्यावर मी तुमच्याकडे राहायला आले, तेव्हा माझ्याबद्दलही घरात हेच वाक्य कुणीतरी म्हणालं होतं. एवढीशी पोर, तिला काय लागतं. मी दाराआड होते. आवाज तुमचा होता. दुसऱ्या दिवशी दादांनी शेवंडं विकून माझ्यासाठी दप्तर आणलं. ते संस्कृत नाही बोलले त्यावर काही.

२५ जून. संध्याकाळी सहापर्यंत.

धाकटी


२८ जुलै

प्रति, चिटणीस, शेवंड उत्पादक सहकारी संस्था.

पाहणीअंती आदेश देण्यात येतो की, मोठ्या खडकाच्या उत्तरेकडील पट्ट्यातील साठा गंभीर ऱ्हासाच्या स्थितीत आढळल्याने तेथे १ सप्टेंबरपासून पाच वर्षे शेवंड पकडण्यास संपूर्ण मनाई राहील. दक्षिणेकडील पट्ट्यातील साठा समाधानकारक आढळल्याने तेथील बारा परवाने कायम ठेवण्यात येत आहेत. उत्तर पट्ट्यातील परवानाधारकाने आपले सर्व सापळे ३१ ऑगस्टपूर्वी काढून घ्यावेत.

(खाली पेनानं)

भाऊ, २५ जूनला मी सहापर्यंत टपाल पाहिलं. मग सातपर्यंत पाहिलं.


५ सप्टेंबर

चि. मोजणीबाई,

आदेश मी दादाला वाचून दाखवला. दाखवला म्हणजे, त्यानं माझ्या हातातून घेऊन स्वतःच वाचला.

"दक्षिण चांगली आहे म्हणतात," म्हणाला.

"हो."

"कुणी मोजली?"

"संस्थेनं."

"बरं," म्हणाला, आणि चहा मागितला.

साठ सापळे एकट्यानं उचलायला चार दिवस लागले. मी धक्क्यावर गेलो होतो, मदतीला नाही, तू माझं पोट जाणतेस. ते सगळे आता आमच्या परसात रचले आहेत. वहिनीला कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, म्हणून तिनं अंगणात दोरी बांधली. शेवटच्या दिवशी कॅलेंडरचं पान संपलं म्हणून त्यानं आदेशाच्याच मागच्या बाजूला लिहिलं: "सापळे साठ. शेवंडं अकरा. अंडीवाल्या चार, खाच पाडली. सगळी सोडली." तुझा शिक्का त्यावर उलटा उमटून दिसतो.

मग त्यानं संस्थेकडे अर्ज केला. दक्षिणेला तेरावी होडी म्हणून घ्या, तीस सापळे चालतील. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाकडे काही मागितलं असेल. सभेत जावईबापूंनी तुझाच अहवाल वाचून दाखवला. "साठा समाधानकारक आहे तो बारा होड्यांसाठी. तेरावी घेतली आणि उद्या घसरला तर जबाबदार कोण? चित्रगुप्तकाकांचा मान ठेवून सांगतो, पण त्यांचं पाणी त्यांना राखता आलं नाही, हे सरकारनंच लिहिलंय." दोघे-तिघे हसले. दादा शेवटच्या बाकावर होता. अर्ज सर्वानुमते फेटाळला. इतिवृत्त चिटणिसांनी लिहिलं. सुवाच्य आहे.

सभा संपल्यावर खुर्च्या त्यानंच एकावर एक रचल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

वहीचं विचारतोय तो. तेवढी तरी पाठव.

भाऊ


१९ सप्टेंबर

भाऊ,

मूळ वही आता पुराव्याचा भाग झाली आहे, ती परत मिळत नाही. छायाप्रत पाठवली आहे. मोठं पुडकं येईल. काही पानं काळी आली आहेत. दादांना सांगा, मी प्रयत्न केला. केला नाही, पण तसं सांगा.

अहवालाचं कौतुक झालं. "एक पट्टा वेळेत वाचवला" असं वरिष्ठ म्हणाले. त्यांना हवा तसाच तो होता: काहीतरी बंद झालं आणि फारसं कुणी ओरडलं नाही. मला बढती मिळाली आहे. हे दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

दोन ओळी मीही लिहू शकले असते. मला तक्त्यांबद्दल शंका आहे, पुन्हा मोजणी करावी, एवढंच. पुरावा लागला नसता, नुसतं धाडस पुरलं असतं. अहवाल वर्षभर लांबला असता आणि माझी जागा दुसऱ्याला गेली असती. मी तुमच्या सहीची वाट बघत बसले, कारण तोवर माझी लागत नव्हती.

मला आधीपासून माहीत होतं, हे दादांना कळू देऊ नका.

धाकटी


१४ जानेवारी

चि. मोजणीबाई,

बढतीबद्दल अभिनंदन उशिरा करतो आहे. पुडकं पोचलं होतं. दादानं वरची दोन पानं बघितली, काळं पान उजेडात धरून बघितलं, मग सगळं पुन्हा बांधून सापळ्यांवर ठेवलं. वर मेणकापड घातलं. तेच, ज्यात वही बांधून तुला पाठवली होती. तू ते मात्र परत केलंस.

त्याला काम मिळालं आहे. संस्थेच्या पॅकिंग शेडमध्ये. जावईबापूंनी मोठ्या मनानं लावून घेतलं, येता-जाता सगळ्यांना सांगतात. दक्षिणेच्या होड्या आल्या की जिवंत शेवंडं ओल्या भुशात रचून खोकी बंद करायची. हात उत्तम चालतो त्याचा. मिशा मोडू देत नाही.

दक्षिणेचा साठा झपाट्यानं सुधारतो आहे, अहवालात एक आनंदाची ओळ घाल. नोव्हेंबरपासून मोठमोठ्या माद्या यायला लागल्या आहेत, इथं वर्षानुवर्षं दिसल्या नव्हत्या तशा. प्रत्येकीच्या शेपटीच्या पंख्याची एक पाकळी कात्रीनं सरळ कापलेली असते. जिथं दादाची खाच असते, नेमकी तेवढीच. पोटाखालची अंड्यांची जागा ब्रशनं घासून स्वच्छ केलेली. उत्तरेच्या बंद पाण्यावर पहारा नाही, आणि जो एकटा माणूस तिथं रोज असायचा तो आता शेडमध्ये भुसा भिजवतो.

मी काल विचारलं, "किती आल्या अशा?"

"एकशे बारा."

"लिहिल्यास?"

"कशात लिहू?"

"मग कुणाला सांगितलंस का?"

"कुणाला सांगू?" तो म्हणाला. "चिटणीस तूच."

हे तुला कळवतो आहे ते तू काही करावंस म्हणून नाही. तुला आणि मला एकमेकांची चांगली ओळख झाली आहे.

तर आता मुद्दा. तुमच्या खात्याकडून सरल्या वर्षाचे कोरे तक्ते आले. अध्यक्षांनी ते दादाच्याच हाती माझ्याकडे धाडले. तो आला, बाराही माझ्या टेबलावर ठेवले, उडू नयेत म्हणून वर माझा चष्म्याचा डबा ठेवला. भुशाचे कण हातावर तसेच होते. दारापर्यंत गेला आणि थांबला. तसाच, त्या रविवारसारखा.

"गेल्या वेळी मालिनी घेतली होतीस," म्हणाला. "दर पंधराव्या शेवंडाला श्वास घ्यायचास. दारातून ऐकू येत होतं. यंदा दुसरं घे."

मी विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"नववीपर्यंत झालं होतं माझं."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मोजल्यासारखं. धरण्याजोगं आहे की सोडून द्यायचं, ते ठरवताना तो बघतो तसं. म्हणाला, "पेटी टपालात पडेपर्यंत दोन दिवस होते तुझ्याकडे. पुढे आणखी तीन महिने होते. मी मध्ये कशाला बोलू?" मग हात धुवायला गेला. मोरीतून म्हणाला, जेवण थंड होतंय.

त्या दिवसापासून तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो. भाजी पुढे सरकवतो. गुडघ्याची चौकशी करतो. वहिनीला फरक जाणवत नाही. मला मात्र घास गिळताना प्रत्येक वेळी थांबावं लागतं, साधारण पंधराव्या घासाला.

लेक सुखात आहे. जावईबापूंनी होडीला नवं इंजिन बसवलं.

मुदत महिनाअखेरची होती, पण मी या वेळी दोन रविवारांत संपवलं. वडीलधाऱ्यांचं ऐकावं म्हणून वृत्त बदललं आहे. ओळखून दाखव.

तुझा भाऊ

सोबत: भरलेले तक्ते, बारा.